चोविसावा घास

३ मार्च

प्रिय अक्का,

वाकून नमस्कार. पत्र बघून घाबरू नकोस. सगळं ठीक आहे, फक्त मला स्वयंपाक करायचा आहे.

फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू स्वतःच बोलतेस. दोष तुझा नाही, बावीस वर्षं गिरणीच्या कँटीनमध्ये त्या यंत्रांशेजारी काढलीस. तर लिहूनच विचारतो.

आमचे मोठे डॉक्टर निवृत्त होताहेत. वीस तारखेला दवाखान्यातच पार्टी आहे. काउंटरवाल्या बाईंनी परवा सगळ्यांना बोलावलं आणि कोण काय आणणार याची यादी केली. केक नर्सबाईंकडे, सरबत एक्स-रेवाल्या काकांकडे, फुगे छोट्या डॉक्टरांकडे. (छोट्या डॉक्टर म्हणजे आता दवाखाना चालवणार त्या. उंचीनेही छोट्याच आहेत.) मग बाईंनी वाचलं, "चीजचे घास, एका घासात संपतील असे. कोण?" बाईंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. अक्का, त्या तसं बघायला लागल्या की समोरच्याला आपण काहीतरी लपवतोय असं वाटायला लागतं. तेवढ्यात मला माझाच आवाज ऐकू आला, "मी." बाईंनी नाव लिहून टाकलं. त्या शाईने लिहितात, खोडता येत नाही.

आता तुला माहीतच आहे, मी सत्तेचाळीस वर्षांत गरम पाण्यात प्लास्टर सोडून दुसरं काही कालवलेलं नाही. कवळ्या आणि दाढांच्या टोप्या करणाऱ्या माणसाने चीजचं काय करायचं असतं ते कृपा करून कळव. नीट व्हायला पाहिजे. बाईंचं दवाखान्यातलं हे शेवटचंच काम आहे. एक तारखेपासून त्या दुसऱ्या गावच्या मोठ्या इस्पितळात जाणार आहेत. म्हणजे डॉक्टरांचंही शेवटचंच म्हणा.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

७ मार्च

चि. मिलिमीटरास,

अनेक आशीर्वाद. पत्र भावोजींना मोठ्याने वाचून दाखवलं. ते हसून हसून खुर्चीवरून घसरले, पण लागलं नाही.

चीजचे घास म्हणजे डाव्या हातचा मळ आहे रे. मी तीनशे माणसांचे केलेत. चीज किसायचं, भरपूर. लोणी घ्यायचं, बऱ्यापैकी. मैदा मावेल तेवढा. मिरपूड, मोहरीची पूड चिमूट चिमूट. पीठ मऊ मळायचं, गोळे करायचे, प्रत्येकाच्या पोटात मऊ चीजचा एक तुकडा दडवायचा. मग फ्रिजमध्ये थोडा वेळ, ओव्हनमध्ये थोडा वेळ. वरून लालसर झाले की काढायचे. चावलं की आतल्या चीजची अशी तार निघते की माणूस बोलायचं विसरतो. घासाएवढे कर, मोठे नकोत.

आणि त्या काउंटरवाल्या बाईंबद्दल. मी तुझी पत्रं काही आजच वाचत नाही. गेली कित्येक वर्षं त्यांचा तुला जाच आहे. त्यांनी तुझी वही तपासली, त्यांनी तुझ्या टेबलावरचा पसारा उचलला, त्यांनी पावसाळ्यात तुला छत्री घ्यायला परत पाठवलं. आणि आता हे चीज तुझ्या गळ्यात मारलं. जाताहेत ना एकदाच्या? सुटलास. पार्टीत दोन घास जास्त खा.

तुझी,
अक्का

१२ मार्च

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझ्या पाककृतीला पाककृती म्हणायचं धाडस तूच करू शकतेस. "भरपूर", "बऱ्यापैकी", "थोडा वेळ". मी अशी कवळी केली तर पेशंटला ती टोपी म्हणून घालावी लागेल.

पहिला प्रयोग रविवारी केला. घरी ओव्हन नाही, म्हणून कामाच्या खोलीतली चिनी मातीचे दात भाजायची भट्टी वापरली. ती नऊशे अंशांवर चालते. तू "लालसर झाले की काढ" म्हणाली होतीस. लालसर झाले ते, पण निखाऱ्यासारखे. नंतर काळे झाले. एक मी पुराव्यासाठी ठेवला आहे, त्याने काच कापली जाते.

मग नर्सबाईंनी त्यांचा घरचा ओव्हन आणून दिला. आता भाजणं जमतंय. खरी अडचण वेगळीच आहे. तू लिहिलंस, "घासाएवढे कर." कोणाच्या घासाएवढे? एक्स-रेवाल्या काकांचा एक घास म्हणजे नर्सबाईंचं दुपारचं जेवण. मी दोन दिवस विचार करत होतो आणि मग कपाटाकडे लक्ष गेलं.

अक्का, पार्टीला चोवीस माणसं आहेत. दवाखान्यातले अकरा, जुने पेशंट तेरा. त्यातल्या तेवीस जणांच्या दातांचे प्लास्टरचे साचे माझ्या कपाटात आहेत! कोणाची टोपी, कोणाचा खोटा दात, कोणाची कवळी, काही ना काही कारणाने प्रत्येकाचं तोंड माझ्या हाताखालून गेलेलं आहे. फक्त माझाच साचा तेवढा नाही, आपल्या तोंडाचं माप आपल्याला घेता येत नाही. तर मी कॅलिपर लावून सगळ्यांची सुळ्यापासून सुळ्यापर्यंतची रुंदी मोजली आणि त्यातून चार मिलिमीटर वजा केले. तो ज्याचा त्याचा घास. प्रत्येकात काडी टोचून वर साच्याचा नंबर लावणार आहे. काकांचा चौतीस मिलिमीटर, नंबर ८८. सर्वांत मोठा.

सर्वांत लहान मोठ्या डॉक्टरांचा आहे. आता जे लिहितो ते वाचून पत्र फाडून टाक. डॉक्टरांचे वरचे सगळे दात नकली आहेत. अकरा वर्षं झाली. आयुष्यभर लोकांना "दात जपा, दात जपा" म्हणून ओरडलेला माणूस, त्यांना हे कोणाला कळू द्यायचं नाही. ती कवळी मी केली आहे आणि हे फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. त्यांच्या घासात तुझं ते तारेचं चीज घालणार नाही. तोंडात विरघळेल असा मऊ करणार.

आणि बाईंबद्दल तू जे लिहिलंस ते मला आवडलं नाही. जाच कसला? छत्री घ्यायला परत पाठवलं तेव्हा पाऊस खरंच आला होता. त्यांचा साचा नंबर ११७. रात्री झोपेत दात खातात म्हणून नऊ वर्षांपूर्वी पट्टी करून दिली होती. पट्टीचं काम झालं की साचा टाकून देतात, पण हा चांगला आला होता म्हणून राहू दिला. वरचा डावा सुळा किंचित तिरका आहे, शेजारच्या दाताला खांदा लावून उभा असल्यासारखा. हसल्या तर दिसतो. वर्षातून दोनदा हसतात. त्यांचा घास सत्तावीस मिलिमीटर. तो मी सहा वेळा करून पाहिला.

तुझा,
धाकटा

१६ मार्च

अरे गाढवा,

आशीर्वाद वगैरे आहेतच.

मी पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा भावोजींनी माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "अगं, तुझा भाऊ प्रेमात पडलाय." मी म्हटलं, छट, तो सुळ्याबद्दल लिहितोय. ते म्हणाले, "तेच तर."

नऊ वर्षं! नऊ वर्षं तू एका बाईचे दात कपाटात ठेवून बसलास आणि तोंडातून शब्द काढला नाहीस? आणि मी इकडे त्या बिचारीला लाखोली वाहतेय. माझीही चूक झाली, पण तू लिहितोसच असा की वाचणाऱ्याला वाटावं बाई फौजदार आहे.

नीट ऐक. वीस तारखेला तिचा तो सत्तावीस मिलिमीटरचा घास स्वतःच्या हाताने तिला द्यायचा. ती खाईपर्यंत थांबायचं. आणि मग तोंड उघडून सांगायचं, "तुम्ही जाऊ नका." तीन शब्द आहेत. मोजून दिलेत, तुला मोजलेलं आवडतं म्हणून. पार्टी संपायच्या आत तोंड उघडलं नाहीस तर परत मला तोंड दाखवू नकोस.

डॉक्टरांचं गुपित माझ्यापाशी सुरक्षित आहे. भावोजी सोडून कोणाला सांगितलेलं नाही. शेजारीण तेव्हा इथेच बसली होती, पण तिचं लक्ष विणकामात होतं.

अक्का

२१ मार्च (पोस्टकार्ड)

अक्का, नमस्कार. पार्टी झाली. घास सर्वांना आवडले. तोंड उघडता आलं नाही. सगळं संपलं. जास्त लिहायची ताकद नाही.

२३ मार्च (पोस्टकार्ड)

संपलं म्हणजे काय संपलं? चीज संपलं की दुसरं काही? पोस्टकार्डावर असं लिहितात का? पोस्टमनने आधी वाचलं आणि मला पाणी प्यायला बसवलं. सविस्तर लिही. अक्का.

२५ मार्च

प्रिय अक्का,

लिहितो. तू बसून वाच.

तेवीस घास गोल ट्रेमध्ये मांडले होते, नंबरच्या काड्या लावून. बाई आल्या, ट्रेकडे बघितलं, चष्मा वर सरकवून परत बघितलं. "हे नंबर कसले?" मी म्हटलं, "क्रम." त्यांनी काही न विचारता बरोबर ११७ उचलला आणि तोंडात टाकला. अक्का, तो इतका बेमालूम बसला की ओठही फाकावे लागले नाहीत. डोळे मिटून चावला त्यांनी. मी तुझे तीन शब्द जुळवत होतो. पहिला तर जिभेवर आलाही होता.

तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "सगळे इकडे या!" मी ट्रे हातात घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या शेजारी उभा राहिलो. एव्हाना काकांचा ८८ आणि डॉक्टरांचा सोडून बाकीचे घास संपून ट्रेमध्ये नुसत्या काड्या उरल्या होत्या. त्यांचा तो मऊ घास मी ट्रेच्या कडेला वेगळा ठेवला होता. पण छोट्या डॉक्टरांना प्रेमाचं भरतं आलं. "मोठ्या डॉक्टरांना मोठा घास!" म्हणून त्यांनी ८८ काडीवरून काढला आणि डॉक्टरांच्या तोंडात अर्धा कोंबला. चौतीस मिलिमीटर! आत तुझं तारेचं चीज, तेही गरम. फोटोवाला म्हणाला, "हसा!" सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी उरलेला अर्धा घास हाताने ओढला, तार ताणली गेली आणि ताणली गेली आणि तिच्या टोकाला लागून वरची अख्खी कवळी बाहेर आली. माझ्या ट्रेमध्ये पडली. दात वर करून.

क्लिक झालं. सगळे वळले. बावीस रिकाम्या काड्या आणि मध्ये ती कवळी हसत पडलेली.

"ही कोणाची?" छोट्या डॉक्टरांनी विचारलं.

मोठ्या डॉक्टरांनी ओठ मिटून घेतले होते. त्यांचे डोळे मी कधी तसे पाहिले नव्हते. चाळीस वर्षं काम केलेल्या खोलीत, स्वतःच्या निरोपाच्या दिवशी, एखाद्या पोराची चोरी पकडली जावी तसे. मी म्हटलं, "माझी." कवळी उचलली, खिशात टाकली आणि तोंड बंद केलं.

आता तूच सांग, त्यानंतर तोंड उघडणार कसं? उघडलं की आत सगळे दात जागच्या जागी. मी दोन तास ओठ दाबून फिरलो. एक्स-रेवाल्या काकांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं की यात लाजण्यासारखं काही नाही. नर्सबाईंनी केक दुधात कुस्करून आणून दिला. डॉक्टरांना हात धुवायच्या जागी गाठून कवळी परत दिली. त्यांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

शेवटी बाई आल्या. म्हणाल्या, "तुम्ही स्वतः काहीच खाल्लं नाहीत."

मी म्हटलं, "म्म."

"एकतीसला माझा शेवटचा दिवस. काही सांगायचं होतं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "म्म."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग पर्स उचलून गेल्या. नऊ वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं आणि मी म्हैस झालो. तेव्हापासून दवाखान्यात तोंड मिटूनच वावरतो आहे. त्यांच्या नजरेत मी आता एक बोळका माणूस आहे, आणि त्या जाणार आहेत. मला फार वाईट वाटतंय, अक्का.

तुझा,
धाकटा

२८ मार्च

(पाकिटावर: काउंटरवाल्या बाई, दातांचा दवाखाना)

सौजन्यमूर्ती बाईंस,

तुमची माझी ओळख नाही. तुमच्याकडे कवळ्या करतो त्याची मी मोठी बहीण. त्याला न सांगता लिहितेय.

माझ्या भावाचे बत्तीसच्या बत्तीस दात त्याचे स्वतःचे आहेत. मी लहानपणी त्यातल्या चारांचा अनुभव दंडावर घेतलेला आहे, वण दाखवू शकते. ती कवळी त्याची नव्हती. कोणाची होती हे मी मेले तरी सांगणार नाही. ज्यांची पार्टी होती त्यांनाच विचारा.

पार्टीत तो तुम्हाला काही सांगणार होता. ते मी त्याच्या वतीने सांगणार नाही, ते त्याचं त्याने सांगावं. पण तो फार सावकाश चालणारा प्राणी आहे आणि तुमची गाडी एक तारखेची आहे, म्हणून हा उद्योग. मी तुमच्याबद्दल आधी दोनचार वाईट बोलले आहे. तुम्ही ते ऐकलेलं नाही, तरी माफ करा.

आपली,
त्याची अक्का

२ एप्रिल

ती. अक्का,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. पत्ता अपुरा होता, पण पोस्टमनने थेट माझ्याच हातात दिलं.

आधी खुलासा. ती कवळी कोणाची हे मला अकरा वर्षं माहीत आहे. साच्यांची वही मी लिहिते. "नाव: खासगी" असं लिहून डॉक्टर दर दोन वर्षांनी स्वतःच खुर्चीत बसायला लागले, तर काउंटरवरच्या माणसाला समजणार नाही का? डॉक्टरांना मात्र अजून वाटतं की हे फक्त त्या दोघांत आहे. आता ते तुम्हाला, मला आणि बहुधा भावोजींनाही माहीत आहे. कृपया आणखी वाढवू नये.

त्या दिवशीच्या फोटोची प्रत सोबत पाठवते. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. उजवीकडून तिसरी मी. मी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, तुमच्या भावाकडे बघतेय. त्यामुळे कवळी कोणाच्या तोंडातून पडली ते मी पडतानाच पाहिलं. आणि नंतर ते "माझी" म्हणाले तेही ऐकलं. अक्का, मी बऱ्याच पुरुषांना स्वतःचे दात असल्याचं खोटं बोलताना ऐकलंय. नसल्याचं खोटं बोलणारा पहिलाच बघितला.

काड्यांवरचे नंबर माझ्याच अक्षरातल्या वहीतले होते. ११७ म्हणजे मी, हे मला लगेच समजलं. पट्टीचा साचा नऊ वर्षं कोणी ठेवत नाही, तेही समजलं. तोंडात टाकला तेव्हा उरलंसुरलं समजलं. मग मी सगळे नंबर ताडून बघितले. माणसं चोवीस, घास तेवीस. सगळ्यांना मोजून दिलं आणि ज्याने दिलं त्याला नाही, असली नोंद मी वहीत कधी राहू देत नाही.

एकतीस तारखेला शेवटचा दिवस होता. दुपारी मी चीजची एक लादी घेऊन त्यांच्या खोलीत गेले आणि समोर धरली. म्हटलं, "चावा."

ते म्हणाले, "म्म?"

म्हटलं, "मला सगळं माहीत आहे. चावा."

चावले. मी काउंटरवरची फूटपट्टी लावली. सुळ्यापासून सुळ्यापर्यंत छत्तीस, चार वजा, बत्तीस. वर पटाशीच्या दोन दातांमध्ये बारीक फट आहे, ती मला आवडली. मग मी विचारलं, पार्टीत काय सांगायचं होतं? तोंडात अर्धी लादी असताना ते जे बोलले त्यातला एकही शब्द कळला नाही, पण मी तीन मोजले. त्या इस्पितळाला मी सकाळीच नकार कळवून आले होते. ते त्यांना चीज गिळून झाल्यावर सांगितलं.

बत्तीस मिलिमीटरचा घास काल मी केला. तुमची कृती त्यांनी दाखवली. "मावेल तेवढा मैदा" म्हणजे किती, हे सवडीने कळवा. माझा जरा दगडासारखा झाला, पण त्यांनी खाल्ला. दात त्यांचेच आहेत याची आता मलाही खात्री आहे.

ती चावलेली लादी मी टाकून देत होते. म्हटलं चीज आहे, दोन दिवसांत वास मारेल. ते नाही म्हणाले. त्यांनी तिच्यात प्लास्टर ओतलं, अर्धा तास शेजारी बसून राहिले आणि त्यांच्या दातांचा साचा अलगद सोडवून काढला. मी वहीत नंबर टाकला. कपाटात क्रमाने तो खालच्या कप्प्यात जायला हवा होता. त्यांनी ११७ च्या शेजारी ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी क्रम मोडला, आणि मीही खाडाखोड न करता तसंच राहू दिलं.

तुमची,
काउंटरवाली